मोनितो आणि प्रवाळ शार्क : दोन दूरच्या प्राण्यांची तुलना कशी करावी

एखाद्या चिमुकल्या सस्तन प्राण्याची आणि प्रवाळभित्तीवर राहणाऱ्या शार्कची तुलना करायला सांगितली, तर बहुतेक जण कागदावर मधोमध उभी रेघ ओढतात आणि दोन्ही बाजूंना लिहू लागतात : हा झाडावर राहतो, तो पाण्यात, याच्या अंगावर केस आहेत, त्याच्या अंगावर खवले, हा लहान, तो मोठा. यातले एकही विधान चुकीचे नसते, परंतु पान भरल्यावरही हाती काही लागत नाही, कारण हे सारे लिहायला बसण्यापूर्वीच ठाऊक होते. तुलना उपयोगाची ठरते ती दोन्ही प्राण्यांना एकच प्रश्न विचारल्यावर आणि त्या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी ठेवल्यामुळे प्रत्येक प्राणी आधीपेक्षा अधिक समजल्यावर. असे प्रश्न कसे निवडावेत, आकडे कसे जुळवावेत आणि दिसणाऱ्या साम्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे येथे एका ठरावीक जोडीच्या आधारे मांडले आहे. ही जोडी म्हणजे दक्षिण अमेरिकेतला मोनितो देल मोंते आणि प्रशांत व हिंदी महासागरांतला पांढरटोकी प्रवाळ शार्क.

आधी प्राणी नक्की करा

पहिली चूक नावापाशीच होते. ‘प्रवाळ शार्क’ हे एका प्राण्याचे नाव नाही. करडा प्रवाळ शार्क, काळटोकी प्रवाळ शार्क, कॅरिबियन प्रवाळ शार्क आणि पांढरटोकी प्रवाळ शार्क या निरनिराळ्या जाती आहेत आणि त्यांच्या सवयीही निरनिराळ्या आहेत. पांढरटोकी शार्क दिवसा गुहेत तळाशी स्वस्थ पडून राहतो. पाणी तोंडात ओढून कल्ल्यांवरून सोडणे त्याला जमत असल्याने श्वासासाठी त्याला सतत पोहावे लागत नाही. ‘शार्क थांबला की मरतो’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य या जातीला लागू पडत नाही, म्हणून ते जातीचे नाव न पाहता तुलनेत घातले तर पुढचे सगळे अनुमान कोसळते. मोकळ्या समुद्रात हिंडणारा आणि नावात ‘पांढरटोकी’ असलेला आणखी एक शार्क आहे. तो वेगळ्याच प्रजातीतला असून या दोघांची छायाचित्रे आणि माहिती एकमेकांत मिसळलेली वारंवार आढळते. म्हणून शास्त्रीय नाव प्रथम लिहून ठेवावे. आपला शार्क आहे ट्रायनोडॉन ओबेसस, ज्याचे वर्णन एडुआर्ड रूपेल यांनी 1837 मध्ये केले.

दुसऱ्या बाजूलाही हीच काळजी घ्यावी लागते. मोनितो देल मोंते या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘डोंगरातले माकडुले’ असा होतो, पण तो माकड नाही. दिसायला तो उंदरासारखा आहे, पण उंदीरही नाही. त्याच्या शास्त्रीय नावातला, म्हणजे ड्रॉमिसिऑप्स ग्लिरॉइडीस यातला, दुसरा शब्द ‘डॉरमाउससारखा’ असे सांगतो आणि डॉरमाउस हा तर कृंतक, म्हणजे उंदीर-खारींसारखा कुरतडणारा, प्राणी आहे. ऑल्डफील्ड थॉमस यांनी 1894 मध्ये त्याचे वर्णन केले. तो शिशुधान प्राणी आहे, म्हणजे कांगारू आणि ओपोसम यांच्या मोठ्या कुळातला आहे, आणि मायक्रोबायोथेरिया या गणाची आज जिवंत असलेली एकमेव शाखा त्याच्याच रूपाने उरली आहे. चिली आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनाच्या पट्ट्यातल्या थंड, ओलसर जंगलांत तो राहतो. अलीकडे काही अभ्यासकांनी या प्राण्याच्या एकापेक्षा अधिक जाती मानल्या आहेत. तेव्हा आकडे घेताना ते कोणत्या भागातल्या प्राण्यांचे आहेत हेही टिपून ठेवावे.

बाह्य रूप किती फसवे असते याचे उत्तम उदाहरण मोनितोच्याच इतिहासात आहे. तो अमेरिकेत राहतो आणि लहानशा ओपोसमसारखा दिसतो, म्हणून त्याला बराच काळ अमेरिकी ओपोसमांच्या जवळचा समजले जात होते. 1982 मध्ये फ्रेडरिक सालाय यांनी शिशुधान प्राण्यांच्या घोट्यांतल्या हाडांचा अभ्यास करून त्याला ऑस्ट्रेलियातल्या शिशुधान प्राण्यांच्या गटात ठेवले आणि पुढे जनुकीय अभ्यासांनीही त्याचे नाते अमेरिकी ओपोसमांपेक्षा ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांशी अधिक जवळचे असल्याचे दाखवले. दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी जोडलेले होते, आणि अंटार्क्टिकात या गणाचे जीवाश्मही सापडले आहेत. तुलना कोणत्या अवयवाची करायची हे ठरवणे हाच अर्धा अभ्यास असतो, आणि येथे तो अवयव चेहरा नव्हता, घोटा होता.

आकडे जुळवून घ्या

मोनितोचे वजन साधारण 16 ते 42 ग्रॅम असते, डोके व धड मिळून लांबी 8 ते 13 सेंटिमीटर आणि शेपटी जवळपास तेवढीच. पांढरटोकी शार्क सहसा 1.6 मीटरपेक्षा लांब नसतो आणि त्याचे नोंदलेले सर्वाधिक वजन 18.3 किलो आहे. हे आकडे तसेच शेजारी मांडले तर तीन गफलती होतात. सस्तन प्राण्यांची लांबी मोजताना शेपटी वेगळी धरतात, तर शार्कची एकूण लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात. म्हणून मोनितोच्या दोन्ही लांबी एकत्र केल्यावाचून तुलना होत नाही. दुसरे असे की 18.3 किलो हा कमाल आकडा आहे, त्याच्याशेजारी मोनितोचे सरासरी वजन ठेवणे योग्य नाही. तिसरे अधिक सूक्ष्म आहे. मोनितो हिवाळ्यापूर्वी शेपटीच्या बुडाशी चरबी साठवतो, त्यामुळे त्याचे वजन ऋतूनुसार पुष्कळ बदलते, आणि ते कोणत्या महिन्यात मोजले हे न सांगता दिलेला आकडा अपुरा असतो.

शार्क मोनितोच्या काही शे पटींनी जड असतो, एवढे सांगून मात्र थांबू नये. आकारातल्या या फरकातून काय निघते ते पाहावे. शरीर जितके लहान, तितके त्याचे पृष्ठफळ वस्तुमानाच्या मानाने अधिक, आणि तितकी त्यातून उष्णता लवकर निघून जाते. शरीर आतून तापवणाऱ्या तीस ग्रॅमच्या प्राण्याला थंड जंगलात हा फार मोठा खर्च आहे. शार्कच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याएवढेच राहते, तेव्हा हा खर्च त्याला करावाच लागत नाही. पुढे वर्तनाची तुलना करताना हा मुद्दा पुन्हा कामी येतो.

तुलनेचा टप्पा निवडा

या जोडीतला सर्वांत समृद्ध विषय म्हणजे पिलांना जन्म देणे, आणि तुलनेत सर्वाधिक चुकाही तेथेच होतात. प्रथम तथ्ये पाहू. मोनितोचा गर्भावधी 3 ते 4 आठवड्यांचा असतो. जन्मलेली पिले अत्यंत अर्धविकसित असतात, केस नसलेली आणि डोळे मिटलेली. ती आईच्या पोटावरच्या शिशुधानीत, म्हणजे पिशवीत, जाऊन स्तनाग्राला चिकटतात. आईला चार स्तनाग्रे असतात, त्यामुळे एका वेळी चारहून अधिक पिले वाढू शकत नाहीत. सुमारे दोन महिन्यांनी ती पिशवीबाहेर येतात, काही काळ घरट्यात आणि आईच्या पाठीवर राहतात आणि सुमारे 5 महिन्यांची झाल्यावर दूध सोडतात. पांढरटोकी शार्क अंडी घालत नाही, पिले जन्माला घालतो. त्याचा गर्भावधी निदान 5 महिन्यांचा असतो, एका वेळी 1 ते 6 पिले होतात, आणि जन्मतः प्रत्येक पिलू 52 ते 60 सेंटिमीटर लांब असते. मादी साधारण 1.05 मीटर लांबीला वयात येते. म्हणजे दीड मीटरच्या आईचे पिलू जन्माच्या वेळीच तिच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे असते. ते जन्मताच पोहत निघून जाते. आई त्याच्याकडे पाहत नाही, दूध तर नाहीच.

आता गर्भावधी या एका रकान्यात ‘3 ते 4 आठवडे’ आणि ‘निदान 5 महिने’ असे लिहिले, तर वाचकाचा समज असा होईल की शार्कमाता पिलासाठी कितीतरी अधिक काळ झटते. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चूक आकड्यांत नसून टप्प्यात आहे. जन्म ही घटना दोघांच्या वाढीत एकाच जागी येत नाही. शार्कचे पिलू जन्मते तेव्हा ते स्वतंत्र असते, मोनितोचे पिलू जन्मते तेव्हा त्याची वाढ जेमतेम सुरू झालेली असते. म्हणून जन्माऐवजी ‘पिलू स्वतःचे अन्न स्वतः मिळवू लागले’ हा टप्पा घ्यावा. मग मोनितोचे सुमारे महिनाभर गर्भात आणि त्यानंतर सुमारे 5 महिने दुधावर असे मोजमाप होते, तर शार्कचे सारे महिने गर्भातच मोजले जातात, आणि दोन्ही आकडे एकदम जवळ येतात. खरा फरक कालावधीत नसून काम कोठे उरकले जाते यात आहे : शार्कमाता ते सगळे जन्मापूर्वी करते, मोनितोमाता बहुतेक सगळे जन्मानंतर.

माझ्या मते प्राण्यांच्या तुलनेत शिकण्यासारखी इतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. ज्या शब्दाखाली दोन आकडे ठेवता, तो शब्द दोन्ही प्राण्यांच्या आयुष्यात एकच अर्थ सांगतो का, हे आधी तपासावे. ‘जन्म’, ‘वयात येणे’, ‘झोप’, ‘घर’ हे सगळे शब्द तपासण्याजोगे आहेत.

साम्य कोठून आले ते विचारा

तुलनेत साम्य सापडले की आनंद होतो आणि त्याच भरात ते नात्याचे लक्षण मानले जाते. जीवशास्त्रात दोन प्रकारची साम्ये वेगळी ठेवतात. समान पूर्वजाकडून वारशाने आलेले ते रचनासादृश्य, आणि समान गरजेतून स्वतंत्रपणे घडलेले ते कार्यसादृश्य. या जोडीत दोन्हींची उदाहरणे आहेत, आणि गंमत अशी की जे डोळ्यांना चटकन दिसते ते कार्यसादृश्य ठरते, तर खरे रचनासादृश्य जेथे कोणी शोधायला जाणार नाही तेथे लपलेले असते.

वारेचे, म्हणजे आईकडून गर्भाला पोषण पोहोचवणाऱ्या अवयवाचे, उदाहरण घ्या. पांढरटोकी शार्कच्या गर्भाची पीतकपिशवी, म्हणजे अंड्यातला पिवळा बलक धारण करणारी पिशवी, बलक संपल्यावर आईच्या गर्भाशयाच्या भिंतीशी जोडली जाते आणि तेथून गर्भाचे पोषण होते. ही एक प्रकारची वारच आहे. बहुतेक शिशुधान प्राण्यांतही वार मुख्यतः पीतकपिशवीपासूनच बनते, फक्त ती अल्पकाळ टिकते. घाईने पाहणारा म्हणेल की हे नात्याचे साम्य आहे. परंतु अनेक शार्क आजही अंडी घालतात, कित्येकांत वारेवाचूनच गर्भ वाढतो, आणि सस्तन प्राण्यांतल्या प्लॅटिपसला वार नाही. जी गोष्ट समान पूर्वजात असती ती इतक्या शाखांतून नाहीशी झाली असे मानण्यापेक्षा ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. येथून कामाची एक पद्धत मिळते : साम्य दिसले की दोन्ही प्राण्यांच्या जवळच्या नातेवाइकांकडे पाहावे आणि ते गुण त्यांच्यातही आहेत का, हे विचारावे.

आता दुसरे उदाहरण. शार्कचा वरचा आणि खालचा जबडा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक पदार्थाचा, असतो आणि मागच्या टोकांपाशी ते एकमेकांना सांध्याने जोडलेले असतात. तेथे हायोमँडिब्युला नावाचा कूर्चेचा एक तुकडा जबड्याला कवटीशी टांगून धरतो. मोनितोच्या मधल्या कानात, आपल्याप्रमाणेच, तीन सूक्ष्म हाडे असतात. त्यांपैकी हातोडी आणि ऐरण ही दोन हाडे शार्कच्या जबड्याच्या त्याच सांध्याच्या जागची आहेत, आणि तिसरे, रिकीब, हे त्या हायोमँडिब्युलाच्या जागचे. जबड्याचा सांधा बदलत बदलत ऐकण्याचे साधन कसे झाले, हे जीवाश्मांत आणि गर्भाच्या वाढीत दोन्हीकडे पाहता येते. शिशुधान प्राण्यांचे नवजात पिलू तर याचा जिवंत पुरावाच आहे : जन्मतः त्याच्या सस्तनी जबड्याचा सांधा तयार झालेला नसतो आणि कानातली भावी हाडे अजून जबड्यालाच जोडलेली असतात. मोनितोचा कान आणि शार्कचा चावा एकाच रकान्यात लिहिण्याचे धैर्य तुलनेत असायला हवे.

या टप्प्यावर वंशवृक्षही काढून ठेवावा. शार्क आणि मोनितो यांच्या शाखा 42 कोटी वर्षांहून अधिक पूर्वी वेगळ्या झाल्या. हाडे असलेले मासे मोनितोच्या बाजूच्या शाखेवर येतात, शार्कच्या नव्हे. म्हणजे गोड्या पाण्यातला एखादा सामान्य मासा शार्कपेक्षा मोनितोला अधिक जवळचा आहे. ‘मासा विरुद्ध सस्तन’ असे शीर्षक द्यायचा मोह याच कारणाने टाळावा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा आहे म्हणून तो ‘जुनाट’ आहे, असेही लिहू नये. 42 कोटी वर्षे दोन्ही शाखांच्या वाट्याला सारखीच आली आहेत.

वर्तन पाहताना कारणे तपासा

दोन्ही प्राणी निशाचर आहेत. दोघेही दिवसा आडोशाला विसावतात, मोनितो बांबूच्या पानांच्या आणि शेवाळाच्या घरट्यात, तर शार्क प्रवाळातल्या गुहेत किंवा कपारीत. मोनितो अनेकदा एकाच घरट्यात एकमेकांना बिलगून राहतात, आणि पांढरटोकी शार्कही एका गुहेत अनेक जण एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले दिसतात. दृश्य इतके सारखे आहे की दोघांना एकच कारण चिकटवावेसे वाटते.

येथे तपासणीची रीत सोपी आहे. एका प्राण्यातले कारण दुसऱ्यात नेऊन पाहावे आणि ते तेथे चालते का, ते बघावे. मोनितो एकत्र बिलगतात ते उष्णता वाचवण्यासाठी. थंडीत आणि अन्नाच्या तुटवड्यात ते सुप्तावस्थेत जातात, शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाजवळ उतरू देतात आणि हिवाळ्यात दीर्घ शीतनिद्रा घेतात. हेच कारण शार्कला लावले तर ते चालत नाही, कारण आतून उष्णता निर्माण न करणाऱ्या प्राण्याला बिलगून वाचवण्यासारखी उष्णताच नसते. सोयीची गुहा मोजकीच असते आणि हे शार्क त्याच त्या गुहेत परत येतात, एवढ्यावरून त्यांची गर्दी अधिक चांगली समजते. कारण दुसरीकडे चालले नाही म्हणून निराश होऊ नये. तेवढ्यानेच दोन्ही प्राणी अधिक स्पष्ट झालेले असतात.

इंद्रियांबाबत ‘आहे’ आणि ‘नाही’ असे रकाने करणे टाळावे. ‘शार्कला पिशवी नाही’ किंवा ‘मोनितोला विद्युत्संवेदी ग्रंथी नाहीत’ या वाक्यांतून काही कळत नाही. त्याऐवजी ‘अंधारात भक्ष्य कसे सापडते’ असा प्रश्न दोघांना विचारावा. शार्ककडे वास आहे, पाण्यातली हालचाल टिपणारी पार्श्वरेषा आहे, आणि भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारे क्षीण विद्युत्क्षेत्र ओळखणाऱ्या लोरेन्झिनीच्या कुप्या आहेत. कपारीत दडलेला मासा किंवा ऑक्टोपस शोधायला याच उपयोगी पडतात. हवेतून असे क्षेत्र पोहोचत नाही, म्हणून फांद्यांवर कीटक शोधणारा मोनितो कान, नाक आणि मोठ्या डोळ्यांवर विसंबतो.

आहाराची तुलना थोडक्यात उरकता येते, फक्त एक गोष्ट सोडू नये. मोनितो कीटकांबरोबर फळेही खातो, आणि ट्रिस्टेरिक्स कोरिंबोसस या बांडगुळाच्या बिया त्याच्या पोटातून गेल्यावर फांदीवर रुजतात. 2000 मध्ये गिलेर्मो आमिको आणि मार्सेलो आयझेन यांनी हे नाते प्रसिद्ध केले. प्राण्याची परिसंस्थेतली जागा वजनावरून ठरवायची नसते, हे या तीस ग्रॅमच्या उदाहरणातून दाखवता येते.

संकटाच्या स्थितीबद्दल लिहिताना आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, यादीतल्या श्रेणी वापराव्यात : मोनितो ‘संकटसमीप’ आणि पांढरटोकी शार्क ‘असुरक्षित’. मात्र श्रेणीशेजारी वाढीचा वेगही लिहावा. मोनितो दुसऱ्या वर्षी प्रजननक्षम होतो. या शार्कला वयात यायला सुमारे 8 वर्षे लागतात. म्हणून ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर मासेमारी चालणाऱ्या भागांत हे शार्क प्रवेशबंदी असलेल्या भागांपेक्षा फारच कमी आढळले, आणि मोनितोबाबत शिकारीपेक्षा जंगलाचे तुकडे पडणे अधिक गंभीर ठरते.

शेवटी लिहायला बसाल तेव्हा आधी मोनितोबद्दल सगळे आणि मग शार्कबद्दल सगळे अशी रचना करू नये, कारण तुलना वाचकावर सोपवली जाते. प्रत्येक परिच्छेद एका प्रश्नाचा असावा आणि दोन्ही प्राणी त्यात एकत्र यावेत. नमुन्यादाखल : ‘पिलू स्वतंत्र होईपर्यंत दोन्ही माता काही महिने खर्च करतात. शार्कमाता तो काळ पिलाला पोटात ठेवून काढते आणि आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे पिलू समुद्रात सोडते. मोनितोमाता महिन्याभरात पिलाला बाहेर आणते आणि उरलेले सगळे पिशवीत, घरट्यात व पाठीवर दूध पाजून पूर्ण करते. दोघींच्याही गर्भाची वार पीतकपिशवीतूनच बनते, पण ती युक्ती त्या दोन वंशांना स्वतंत्रपणे सापडलेली आहे.’